वाटेपुरता उजेड

गाडी कुठूनही परत येऊ द्या, हम्पीहून, कन्याकुमारीहून नाहीतर लेहहून, हिंगोलीच्या अलीकडचे शेवटचे शंभर किलोमीटर अंधारातच पडतात. सकाळी फोनवर घरी सांगितलेलं असतं, ‘दिवेलागणीला पोचतो.’ दिवेलागण होते ती देगलूरला नाहीतर जिंतूरला. समृद्धी महामार्ग शेजारच्या वाशिम जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. म्हणून आम्ही मोटारसायकलवाले जुन्या रस्त्यांनाच धरून आहोत. गेल्या चौदा वर्षांत मी माझ्या एमएच-३८ गाड्यांवर तीनदा जादा एलईडी दिवे चढवले आणि त्यातले दोनदा उतरवले. तिसरे अजून आहेत. नवीन पोरं गाडी घेऊन दारात येतात आणि विचारतात, ‘सर, फोकस कोणते घेऊ?’ त्यांना उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून हे लिहून काढलं.

१. आधी आहे त्या दिव्याला पोटभर द्या

पहिल्यांदा फोकस बसवायला गेलो तेव्हा आमच्या वायरिंगवाल्या चाचांनी ते हातातसुद्धा घेतले नाहीत. हेडलाइटचा सॉकेट उपसला, मीटरची टोकं लावली आणि म्हणाले, “सर, फोकस मागून बघू. आधी ह्या दिव्याला पोटभर खायला तर द्या.” इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते आणि बल्बपर्यंत पोचत होते १२.३. वायर बारीक, स्विचचे पॉइंट काळे पडलेले. मधल्या मध्ये दीड व्होल्टच्या वर गळत होते.

दीड व्होल्ट म्हणजे किरकोळ वाटतं, पण हॅलोजन बल्बचा उजेड दाबाच्या प्रमाणात उतरत नाही, त्याच्या कितीतरी जास्त उतरतो. दाब बारा टक्क्यांनी पडला की उजेड जवळपास तिसऱ्या हिश्शाने जातो. चाचांनी जाड वायर ओढली, एक रिले टाकला, आणि त्याच ६०/५५ वॉटच्या बल्बमध्ये मला रस्त्याची कड दिसायला लागली.

हेल्मेटची काचही याच कामात धरा. ओरखडे पडलेल्या काचेतून समोरचा प्रत्येक दिवा फुटून पसरतो आणि त्या पसाऱ्यामागचं काहीच दिसत नाही. मी दर दोन वर्षांनी काच बदलतो आणि अंधार पडायच्या आत एकदा थांबून ओल्या फडक्याने पुसतो. एवढं करूनही कमी पडलं तरच फोकसचा विचार करा.

२. किती लांबचं दिसायला हवं, हे ब्रेकला विचारा

ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. काहीतरी दिसणं, मेंदूने ते ओळखणं आणि हाताने ब्रेक दाबणं यात दीड सेकंद धरला, तर ३३ मीटर आपण नुसतेच पुढे गेलो. त्यापुढे कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक लागले तरी आणखी चाळीसेक मीटर लागतात. एकूण ७५ मीटर. ६० च्या वेगाला हाच हिशोब ४८ मीटरवर येतो आणि १०० ला शंभराच्या पुढे जातो.

आता दिव्याचं बघा. एका अमावास्येला मी भाच्याला काळी घोंगडी पांघरून शेताच्या रस्त्यावर उभं केलं आणि डिपरवर गाडी हळूहळू त्याच्याकडे नेली. तो मला दिसला तेव्हा आम्ही पावलांनी अंतर मोजलं. पन्नास मीटरही भरलं नाही. त्यानेच पांढरा शर्ट घातला तेव्हा नव्वदच्या आसपास दिसला. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी सेनगाव-नर्सीकडून जाते, त्या दिवसांत पहाटेच्या अंधारातही वारकऱ्यांची पांढरी धोतरं लांबून का दिसतात आणि रब्बीत गव्हाला पाणी द्यायला निघालेला शेतकरी अगदी अंगावर येईपर्यंत का दिसत नाही, हे मला त्या रात्री नीट कळलं. आमच्याकडे शेतीची लाइट पुष्कळदा रात्रीच्या पाळीला येते. त्या पाळीचा माणूस खांद्यावर घोंगडी टाकून रस्त्याच्या कडेनेच चालतो.

म्हणजे निव्वळ डिपरवर ८० ने गाडी हाकणारा माणूस दिसतं त्याच्या पुढे पंचवीस मीटर आंधळा चाललेला असतो. हे पंचवीस मीटर भरून काढायला जादा दिवे घ्यायचे. ते घेतल्यावर वेग ८० चा १०० केला तर पैसे वाया गेले.

३. खोक्यावरचे लुमेन वाचू नका, मीटर लावा

‘२०,००० लुमेन’ असं छापलेलं खोकं मीही हौसेने आणलं होतं. पांढरा एलईडी आज एका वॉटमागे शंभर ते दीडशे लुमेन देतो असं धरा. तो दिवा खऱ्याने ओढत होता २० वॉट. मग त्यातून दोन-तीन हजारांच्या वर काय निघणार? दुकानात बॅटरी असतेच. मल्टिमीटर ॲम्पिअरवर लावायला सांगा, आकड्याला व्होल्टने गुणा, वॉट मिळाले. पाच मिनिटं थांबून पुन्हा बघा. एलईडीला स्वतःची उष्णता सोसत नाही. मागच्या ॲल्युमिनिअमच्या पट्ट्या तोकड्या असतील तर दिवा तापतो आणि उजेड उतरतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो उजेड पडतो कुठे. अंतर दुप्पट झालं की तेवढाच उजेड चौपट जागेवर पसरतो, म्हणून लांबचं दाखवायचं काम वॉटपेक्षा भिंग आणि आतली वाटी करतात. अंधारात दिवा भिंतीवर मारून पाहिल्याशिवाय मी आता पैसे देत नाही.

४. रुंद आधी, लांब मागून

बाजारात ढोबळमानाने दोन जाती मिळतात. एक लांब, निमुळत्या झोताचा, ज्याला आपण स्पॉट म्हणतो. दुसरा रुंद झोताचा. तो रस्त्याच्या दोन्ही कडा, साइडपट्टी आणि वळणाची आतली बाजू दाखवतो. या रुंद जातीतही चांगल्या दिव्याच्या झोताला वरच्या बाजूने कापल्यासारखी सरळ रेघ असते. रेघेखाली लख्ख उजेड, वर अंधार. हिला कटऑफ म्हणतात, आणि माझ्या लेखी सगळा पैसा हिचाच आहे.

अकोल्याहून वाशिम, हिंगोली, कळमनुरी करत नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ चौपदरी झाल्यापासून तिथे लांब झोत कामाचा वाटतो. पण औंढ्याहून जिंतूरकडे जाताना किंवा सेनगावहून रिसोडकडे निघालं की धोका समोरून कमी आणि बाजूने जास्त येतो. रोही उडी मारतो तो तुरीच्या पाटीतून, रानडुकरांचा कळप येतो तो ओढ्याकडून. त्यांना सरळ रेषेतला स्पॉट दाखवत नाही. तुमच्या वाटा अशा असतील तर पहिली जोडी रुंद, कटऑफवालीच घ्या. पुढे गरज वाटली तर लांब झोताचं बघता येईल. मला ती गरज अजून वाटली नाही.

५. पिवळा की पांढरा

यावर पोरं तासन्‌तास भांडतात. माझा अनुभव सांगतो.

हिवाळ्यात इसापूर धरणाकडे किंवा सिद्धेश्वरच्या पाण्याजवळ पहाटे धुकं उतरतं. पिवळा उजेड धुकं ‘फाडतो’ असं सांगतात, पण धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींच्या मानाने इतके मोठे असतात की सगळे रंग ते जवळपास सारखेच उधळतात. पिवळ्याचा फायदा दुसरीकडे आहे. निळसर पांढरा उजेड धुक्यावरून परत येऊन डोळ्यांना टोचतो, पिवळा तेवढा टोचत नाही. सोयाबीनची मळणी चालू असताना रस्त्यावर धूळ तरंगते तेव्हाही हेच जाणवतं. धुक्यात खरा उपयोग होतो तो दिवा खाली बसवण्याचा आणि झोत जमिनीलगत ठेवण्याचा.

पावसात भिजलेलं काळं डांबर मात्र कुठल्याही रंगाचा उजेड गिळून टाकतं. तिथे वेग कमी करणं एवढंच हातात उरतं.

मी ४,३०० केल्विनच्या आसपासचा, किंचित दुधाळ पांढरा वापरतो, आणि थंडीत त्यावर पिवळी काच चढवतो. ६,५०० च्या पुढचे निळे दिवे दुकानात झगमगतात. तीन तास त्यांच्या उजेडात गाडी चालवली की डोळे चुरचुरतात.

६. गाडीची मिळकत बघून खर्च करा

माझ्या गाडीची मॅग्नेट कॉइल जास्तीत जास्त २२० वॉट देते, आणि तेही इंजिन चांगलं फिरत असताना. हेडलाइटला साठ, टेललाइट आणि मीटरला दहा, पेट्रोल पंप, इंजेक्टर आणि इग्निशनला सत्तर-ऐंशी, मोबाइल चार्जिंगला पंधरा. शिल्लक राहतात पन्नास-साठ वॉट. म्हणून माझी जोडी मिळून ४० वॉटची आहे. हेडलाइट बंद करून वाचवू म्हणाल तर तेही नाही, कारण १ एप्रिल २०१७ पासूनच्या नवीन दुचाकींना तो बंद करायचा खटकाच नसतो.

हँडलवर एक छोटा व्होल्टमीटर लावून घ्या. गाडी चालू असताना तो १३ च्या खाली रेंगाळायला लागला की फोकस बंद करायचे.

७. वायरिंगचे पैसे दिव्याइतकेच ठेवा

पहिली जोडी मी एका मोठ्या शहरातल्या दुकानात बसवून घेतली होती. त्यांनी हेडलाइटचीच वायर सोलली, पीळ मारला, वर काळी टेप गुंडाळली. फ्यूज नाही. चार महिन्यांनी हँडलच्या मानेपाशी वायर घासून उघडी पडली आणि परळीच्या अलीकडे टाकीखालून धूर आला. पाठीमागे बायको बसलेली होती. आम्ही उतरलो, मी सीट उपसून बॅटरीची तार तोडली. त्या दिवशी गाडी जळली असती.

त्यानंतर चाचांनी शिकवलं ते असं. जादा दिव्यांची लाइन थेट बॅटरीवरून, वेगळी. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. ४० वॉटची जोडी साडेतीन ॲम्पिअरच्या आत ओढते, तिला पाचचा फ्यूज पुरतो. ‘उडू नये म्हणून’ वीसचा घालणारा माणूस दिवा वाचवून वायर जाळतो. रिलेवर आकडे कोरलेले असतात. ३० ला बॅटरी, ८७ ला दिवे, ८५ ला अर्थिंग आणि ८६ ला स्विचची बारीक वायर. ती बारीक वायर किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या लाइनवरून घ्यायची, म्हणजे किल्ली काढली की फोकसही विझतात आणि सकाळी बॅटरी मेलेली सापडत नाही. जोड सगळे रबरी सीलच्या कनेक्टरमध्ये. दिवा आयपी ६७ चा आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. तो आकडा दिव्याच्या डब्याचा आहे, तुमच्या जोडाचा नाही.

८. डिपर मारला की सगळं विझलं पाहिजे

हे मी सगळ्यांत आधी लिहायला हवं होतं. पण लिहायला जड जातं.

ते २०,००० लुमेनवाले दिवे बसवले त्या वर्षीची गोष्ट. जानेवारीची रात्र, वसमतहून औंढ्याकडे येत होतो. वसमत-कुरुंदा-डोंगरकडा हा सगळा उसाचा पट्टा. गाळप हंगामात रस्त्यावर डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, आणि उसाचे शेंडे मागे असे लोंबलेले असतात की टेललाइट आणि रिफ्लेक्टर दोन्ही त्यात बुडून जातात. अशा दोन ट्रॉल्या मला त्या रात्री लांबून दिसल्या होत्या. दिव्यांवर मी खूश होतो. समोरून एक मोटारसायकल आली. मी हेडलाइट डिपर केला. फोकसला वेगळा खटका होता, हँडलच्या दुसऱ्या टोकाला. तिथवर हात गेला नाही. खरं सांगायचं तर तो न्यावासा वाटला नाही, दोन सेकंदांचा तर प्रश्न होता.

त्या दोन सेकंदांत समोरचा दिवा डळमळला, खाली गेला आणि नाहीसा झाला.

मी वळून परत गेलो. गाडी साइडपट्टीखाली चारीत पडलेली. नवरा, बायको आणि तीनेक वर्षांचं लेकरू. लेकरू आईच्या कुशीत होतं, त्याला काही झालं नव्हतं. बाईंचं कोपर सोललं होतं. त्या माणसाने मला शिवी दिली नाही. डोळे चोळत तो म्हणाला, “दादा, तुमच्या लाइटीनं मला काहीच दिसंना. रस्ता हाय का न्हाई, तेबी कळंना.” मी त्यांना औंढ्याच्या दवाखान्यात नेलं, मलमपट्टी होईपर्यंत थांबलो. घरी येऊन रात्री अकराला पाना घेतला आणि ते दिवे उतरवले.

तेज उजेड डोळ्यात गेला की तो निघून गेल्यावरही काही सेकंद डोळा आंधळाच राहतो, आणि ताशी ५० ने येणारा माणूस एका सेकंदात चौदा मीटर कापतो. माझ्या दोन सेकंदांच्या आळसात तो सगळा रस्ता सोडून गेला.

म्हणून आता रिलेची ती बारीक वायर मी अप्परच्या लाइनवरून घेतली आहे. अप्पर असेल तरच फोकस लागतात. अंगठ्याने डिपर केला की हेडलाइट खाली येतो आणि फोकस त्याच क्षणी विझतात. वेगळा खटका आहे, पण तो फक्त ते कायमचे बंद ठेवण्यासाठी. गावात शिरलं की मी तो पाडतो. दुकानदार म्हणतील, असं केलं तर डिपरवर फोकस मिळणार नाहीत. नकोतच. महाशिवरात्रीला औंढा नागनाथाच्या वाटेवर रात्रभर माणसं चालत असतात, तिथे माझ्या अप्परची काय गरज?

कायद्याचंही ऐकून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १११ सांगतो की वाहनाच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायचा नाही. अपवादात्मक परिस्थितीतच, आणि तोही नोंदणी अधिकाऱ्याच्या आधी घेतलेल्या परवानगीने. दुकानात हे कुणी सांगत नाही. दिवे घेण्याआधी आपल्या आरटीओ कार्यालयात जाऊन विचारा, लाजू नका. लुकलुकणारे, लाल-निळे काही तर मुळीच नको.

९. सामान बांधून मग दिशा द्या

दिवे क्रॅश गार्डवर, हेडलाइटच्या खाली. खालून येणाऱ्या उजेडात खड्ड्याची कड सावली टाकते आणि खड्डा आधी दिसतो. नट नायलॉकचे घ्या, कारण एक सिलिंडरची गाडी साधा नट दोन दिवसांत सैल करते.

दिशा देण्याचं काम मी आमच्या शाळेच्या भिंतीवर करतो, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी. भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी सरळ उभी करायची, स्टँडवर नाही. दोन्ही बॅगा बांधलेल्या, टाकी भरलेली, मागे बायको बसलेली. सगळे इथेच चुकतात. मोकळ्या गाडीवर दिशा देतात, मग प्रवासाला निघताना मागे वजन आलं की गाडीचं नाक वर होतं आणि खाली बघणारे दिवे समोरच्याच्या कपाळावर जातात. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. कटऑफची रेघ त्या खुणेच्या निदान चार बोटं खाली पडली पाहिजे. मग एकाला भिंतीपाशी उभं करा आणि त्याच्या छातीच्या वर उजेड जात नाही ना, ते पाहा.

१०. एक चमकपट्टीचं भेंडोळं जवळ ठेवा

याचा फोकसशी संबंध नाही असं वाटेल. टूलकिटमध्ये मी लाल चमकपट्टीचं एक भेंडोळं ठेवतो. ही पट्टी पडलेला उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवते, म्हणून साध्या डिपरलाही ती पेटल्यासारखी दिसते.

गेल्या हंगामात डोंगरकड्याजवळ धाब्यावर चहाला थांबलो होतो. शेजारी उसाची डबल ट्रॉली उभी, मागे काहीच नाही. ड्रायव्हर विशीतला पोरगा. मी विचारलं, “लावू का?” तो म्हणाला, “लावा की सर, पण पैसे किती?” मी म्हणालो, चहा पाज. आम्ही दोघांनी मिळून मागच्या फाळक्याची धूळ फडक्याने पुसली, उसाचे शेंडे कोयत्याने छाटले आणि दोन्ही कोपऱ्यांना हात-हातभर पट्ट्या डकवल्या. तो पुढे निघून गेला. चहा संपवून मी दहा मिनिटांनी निघालो. समोरून गाड्यांची रांग येत होती, म्हणून मी डिपरवरच होतो, फोकस विझलेले. कुठे काही दिसत नव्हतं. मग उताराला, पार तिकडे, दोन लाल ठिपके पेटले. मी ब्रेकला हात लावला आणि गाडी ४० वर आणली. ट्रॉली अजून पुष्कळ लांब होती.